मायफळातल्या माशीपासून माणसाच्या बेडरूमपर्यंत, आल्फ्रेड किन्सीची गोष्ट

बाळगुटीतलं मायफळ घरोघरी उगाळलं जातं. नावात फळ असलं तरी ते फळ नाही. तुर्कस्तान-इराणकडच्या कोरड्या डोंगरांवर ओकची झुडपं असतात. एक चिमुकली गांधीलमाशी त्यांच्या कोवळ्या फांदीत अंडं घालते, अळीमुळे झाडाला गाठ येते आणि अळी त्याच गाठीत खात-पीत वाढते. ही गाठ म्हणजे मायफळ.

याच माशीच्या अमेरिकन भाऊबंदांमागे एका माणसाने आयुष्याची जवळपास वीस वर्षं घालवली. जग मात्र त्याला भलत्याच कारणासाठी ओळखतं.

आल्फ्रेड किन्सीचा जन्म १८९४ चा, न्यू जर्सीतल्या होबोकेनचा. वडील कडक आणि धार्मिक. पोराने इंजिनिअर व्हावं हा त्यांचा हट्ट. दोन वर्षं कसंबसं इंजिनिअरिंग करून पोरगं जीवशास्त्राकडे पळालं. १९१९ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट आणि पुढच्याच वर्षी इंडियाना विद्यापीठात नोकरी.

तिथून सुरू झाली ती गोळा करण्याची झिंग. ओकवरच्या गाठी शोधत किन्सी अमेरिकाभर फिरला, पुढे मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या डोंगरांतही गेला. गाठी पोत्यांत भरून आणायच्या, माश्या बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मग एकेक माशी टाचणीवर लावून भिंगाखाली मोजायची. दहा-वीस नमुन्यांवर प्रजाती ठरवणं त्याला मान्यच नव्हतं. हजारो माश्या मोजल्यावर त्याला दिसलं की एकाच प्रजातीतल्या दोन माश्याही तंतोतंत सारख्या नसतात. १९३० मध्ये त्याचा सिनिप्स या माश्यांवरचा जाडजूड ग्रंथ आला. तो किती जणांनी वाचला असेल, हा प्रश्नच आहे!

१९३८ मध्ये विद्यापीठाने विवाहावरचा अभ्यासक्रम त्याच्याकडे दिला. विद्यार्थी प्रश्न विचारायचे आणि उत्तरं द्यायला धड माहितीच नसायची. मग किन्सीने माश्यांची पद्धत माणसांना लावली. समोरासमोर बसून हजारोंच्या मुलाखती घेतल्या. १९४८ मध्ये पुरुषांच्या आणि १९५३ मध्ये स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावरचं पुस्तक आलं आणि अमेरिका हादरली. समलैंगिक आणि भिन्नलैंगिक असे दोन कप्पे त्याने नाकारले आणि शून्य ते सहा अशी पट्टी मांडली. माश्या मोजणाऱ्याला ते सुचलं यात नवल नाही.

पण पद्धतीतली खोटही इथेच होती. माश्यांसारखी माणसं मिळतील तिथून गोळा केली. त्यात कैदी जास्त, स्वतःहून आलेलेही बरेच. संख्याशास्त्रज्ञांनी त्याला यावरच धरलं आणि आमच्या मते ते बरोबरच होते.

स्त्रियांवरच्या पुस्तकाने वादळ वाढलं. १९५४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने पैसा थांबवला. निधीसाठी वणवण करत, हृदय आधीच खचलेलं असताना, १९५६ मध्ये ६२ व्या वर्षी किन्सी गेला.

त्याचा माश्या आणि गाठींचा संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीकडे गेला. त्यात पन्नास लाखांहून जास्त नमुने आहेत.