ॲलन ह्यूम : काँग्रेसचे आणि पाखरांचेही

काँग्रेसची स्थापना कोणी केली, असं विचारलं की पोरं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव लगेच सांगतात. पण हेच ह्यूम पक्ष्यांच्या नादात आपल्या कोकणातल्या समुद्रातल्या खडकांपर्यंत जाऊन आले होते, हे मलाही बरेच दिवस माहीत नव्हतं.

त्यांचा जन्म जून १८२९ चा. १८४९ मध्ये ते सरकारी नोकरीसाठी भारतात आले. उत्तर प्रदेशातल्या इटाव्याला असताना त्यांनी गावोगावी मोफत प्राथमिक शाळा काढल्या. १८५७ पर्यंत शाळा झाल्या १८१ आणि मुलं पाच हजारांवर. मुली मात्र दोनच! (सावित्रीबाईंचं काम किती अवघड होतं, हे इथंही कळतं.)

नोकरी सांभाळून त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्ष्यांचं नियतकालिक काढलं. आपल्या मेळघाटात जो रानपिंगळा आहे ना, त्याला शास्त्रीय नाव १८७३ मध्ये ह्यूम यांनीच दिलं.

१८७५ मध्ये लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत ते वेंगुर्ल्याच्या खडकांवर गेले. सिंधुदुर्गात निवतीसमोर, समुद्रात आत ही उघडीबोडकी बेटं आहेत. चांदूरच्या पोरांनी समुद्रच पाहिलेला नसतो, म्हणून मी त्यांना असं सांगते : पाण्यातून वर आलेला डोंगर, झाड जवळपास नाही, कडे सरळ तुटलेले, खाली लाटांनी कोरलेल्या गुहा. त्या गुहांच्या भिंतींना पाकोळ्या आपल्या थुंकीनं वाटीच्या अर्ध्या फोडीसारखी घरटी चिकटवतात. वर उघड्या खडकावर सुरय पक्षी अंडी घालतात. मांजर, कोल्हा तिथं पोचत नाही, म्हणून जागा सुरक्षित. पण माणूस होडीनं पोचला की संपलं! सगळी पिल्लं एकाच जागी असतात. शिवाय पाकोळीच्या घरट्यांचं सूप करतात, त्याला परदेशात मोठा भाव आहे. घरटं काढून नेलं की बिचारी पुन्हा थुंकी गोळा करत बसते.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. त्या काळी पक्षी अभ्यासायचा म्हणजे गोळी घालून त्याचं कातडं जपून ठेवायचं. ह्यूम यांनीही तेच केलं. त्यांच्या संग्रहात कातडी, घरटी, अंडी मिळून ऐंशी हजारांवर नमुने होते.

मग एका हिवाळ्यात ते सिमल्याच्या घरी नसताना नोकरानं त्यांची पंचवीसेक वर्षांची हस्तलिखितं बाजारात रद्दीच्या भावानं विकून टाकली. भारतातल्या पक्ष्यांवरचं त्यांचं मोठं पुस्तक राहिलं ते राहिलंच. १८८५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तेही त्याच वर्षी. त्यांनी मांसाहार सोडला, पक्षी मारणंही सोडलं. १८९७ ला अमरावतीत काँग्रेस भरली, तोवर ते इंग्लंडला परतले होते. तिथं ते वनस्पतींच्या मागे लागले. ३१ जुलै १९१२ ला ते वारले.

वेंगुर्ल्याच्या खडकांवर काय पाहिलं, ते मात्र त्यांनी १८७६ मध्येच छापून टाकलं होतं, म्हणून ते वाचलं. तिथं पाकोळ्या किती जुन्या आहेत, हे आज त्यावरून दाखवता येतं. या शतकाच्या सुरुवातीला तिथली घरटी चोरून विकली जातात, हे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं उघडकीला आणलं आणि विणीच्या दिवसांत त्या खडकांवर राखण सुरू झाली.