जॉन माल्कम : महाबळेश्वरची पेठ आणि इराणातला बटाटा



तासगाव, सावळज, मणेराजुरी, बोरगाव या पट्ट्यात आपण दिवसातून दहा वेळा वाणांची नावे घेतो. त्यातले थॉमसन हे मुळात एका माणसाचे आडनाव. विल्यम थॉमसन हा कॅलिफोर्नियातला बागायतदार. त्याच्या वाणातून आपल्याच तालुक्यात निवड होऊन तास-ए-गणेश तयार झाला. त्या नावात तासगाव आहे आणि तासगावचा गणपतीही आहे. माणसाचे नाव पिकाला किंवा गावाला चिकटते, कधी पिढ्यान्‌पिढ्या राहते, तर कधी गळून पडते. याचे एक चांगले उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. म्हणून या वेळी फवारणीचे वेळापत्रक बाजूला ठेवून एका माणसाची हकीकत सांगतो. बटाटा आणि भाजीपाला करणाऱ्यांना ती जास्त जवळची वाटेल.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेचे जुने नाव माल्कमपेठ. जुन्या सरकारी कागदांत, नकाशांत हेच नाव सापडते. ज्याच्यावरून ते पडले तो सर जॉन माल्कम, १८२७ ते १८३० या काळातला मुंबईचा गव्हर्नर.

आडनावाचा अर्थ

माल्कम हे स्कॉटलंडमधले गेलिक भाषेतले नाव आहे. मूळ शब्द दोन. पहिल्याचा अर्थ डोक्याचे मुंडण केलेला सेवक, आणि दुसरा शब्द म्हणजे कोलंबा या संताचे नाव. हा संत सहाव्या शतकात आयर्लंडहून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आयोना बेटावर आला आणि त्याने तिथे मठ स्थापन केला. म्हणजे माल्कम म्हणजे कोलंबाचा दास. आपल्याकडे रामदास किंवा विठ्ठलदास असते, तसेच. कोलंबा या लॅटिन शब्दाचा अर्थ कबुतर. स्कॉटलंडच्या चार राजांचे हे नाव होते. पुढे ते आडनाव झाले आणि एका शेतकरी घराण्यातून आपल्या सह्याद्रीवर येऊन पोचले.

कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा मुलगा

जॉनचा जन्म २ मे १७६९ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, एस्क नदीच्या खोऱ्यातल्या बर्नफूट या शेतावर झाला. वडील जॉर्ज माल्कम हे एका मोठ्या सरदाराच्या जमिनीचे कूळ होते. मुलखात मेंढपाळी चाले. डोंगर उघडे, थंडी आणि पाऊस भरपूर, धान्य जेमतेम. घरात सतरा भावंडे. त्यातच वडिलांनी शेतीबाहेरच्या एका व्यवहारात पैसा गुंतवला, तो बुडाला आणि कर्ज अंगावर आले. पुढचे सांगायला नको, ते तुम्हाला माहीत आहे. मुलांना लहान वयातच नोकरीला पाठवावे लागले.

तेरा वर्षांचे पोर ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांसमोर उभे केले गेले. हैदर अली समोर आला तर काय करशील, असे त्याला विचारले. तलवार काढून त्याचे डोके उडवीन, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले आणि नोकरी मिळाली, अशी गोष्ट त्याच्या चरित्रांत हटकून येते. १७८३ साली तो मद्रासला उतरला, तेव्हा चौदावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. सुरुवातीची काही वर्षे उनाडकीत आणि उधारीत गेली. नंतर टिपूवरच्या मोहिमेच्या काळात त्याच्या लक्षात आले की या देशात पुढे जायचे तर फारसी यायला हवी. त्याने ती मन लावून शिकून घेतली. त्याच्या पुढच्या आयुष्याला या एका निर्णयाने दिशा दिली, असे मला वाटते.

आपल्या भागाशी त्याचा संबंध लवकर आला. १८०३ च्या मार्च-एप्रिलमध्ये आर्थर वेलस्लीचे सैन्य म्हैसूरकडून पुण्याकडे निघाले, ते पळून गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी. वाट पटवर्धनांच्या मुलखातून होती आणि पटवर्धन सरदारही त्यात सामील झाले. तासगाव हे त्या घराण्यातल्या परशुरामभाऊंचे ठाणे. ते स्वतः १७९९ मध्येच वारले होते. माल्कम या सैन्यात वेलस्लीच्या सोबत होता. पंधरा वर्षांनी, जून १८१८ मध्ये, त्याच बाजीरावाची शरणागती त्याने अशीरगडाच्या परिसरात स्वीकारली आणि वर्षाला आठ लाखांचा तनखा कबूल केला. एवढी रक्कम कबूल केल्याबद्दल त्याचे वरिष्ठ त्याच्यावर नाराज झाले होते. त्याआधी डिसेंबर १८१७ मध्ये तो महिदपूरला होळकरांच्या विरुद्ध लढला होता. मराठी राज्य बुडवणाऱ्यांपैकी तो एक प्रमुख माणूस होता, हे विसरून त्याच्या बागांचे कौतुक करणे बरोबर नाही.

इराणातला आलू

कंपनीने त्याला तीनदा इराणला वकील म्हणून पाठवले. पहिल्या खेपेस १८०० साली तो तेहरानला पोचला आणि १८०१ च्या जानेवारीत करार करून परतला. १८०८ ची दुसरी खेप फसली. १८१० च्या तिसऱ्या खेपेत शहा फतेह अलीने त्याला सिंह आणि सूर्य यांचे मानचिन्ह दिले. १८१५ मध्ये त्याचा इराणचा इतिहास दोन खंडांत छापून निघाला. पण तिथल्या लोकांत त्याची आठवण काही काळ राहिली ती बटाट्यामुळे. इराणात बटाटा नेण्याचे श्रेय माल्कमला दिले जाते, आणि तिथे या नव्या कंदाला काही दिवस आलू-ए-माल्कम म्हणत असत.

इथे जरा थांबा, कारण शब्दाची गफलत होते. फारसीत आलू म्हणजे बटाटा नव्हे. आलू म्हणजे प्लमसारखे फळ. आपण आलुबुखार म्हणतो त्यात तोच आलू आहे, बुखाऱ्याचा. म्हणजे इराणी माणूस बटाट्याला माल्कमचे आलुबुखार म्हणत होता. हिंदीतला आलू वेगळा. तो कंद या अर्थाच्या संस्कृत शब्दाचा वंशज. आपल्या रताळूतही तोच शब्द आहे. आणि मराठी बटाटा आला पोर्तुगीजांकडून, तोही मुळात रताळ्यासाठी वापरला जाणारा शब्द. नवीन पीक आले की माणूस ओळखीच्या फळाचे किंवा कंदाचे नाव त्याला देऊन टाकतो. आज इराणात बटाट्याला जमिनीतले सफरचंद अशा अर्थाचा शब्द आहे. फ्रेंच लोकही नेमके तसेच म्हणतात. माल्कम त्या शब्दातून गेला, बटाटा मात्र तिथे घराघरांत शिजतो.

दापोडीची बाग आणि डोंगरावरची पेठ

१ नोव्हेंबर १८२७ रोजी तो मुंबईचा गव्हर्नर झाला. शेतीच्या दृष्टीने त्याची दोन कामे पाहण्यासारखी आहेत. एक, पुण्याजवळ दापोडीला, इंग्रजी कागदांत दापुरी, गव्हर्नरच्या बंगल्याला जोडून १८२८ मध्ये वनस्पती उद्यान सुरू केले. परदेशी फळे, भाज्या, औषधी झाडे इथल्या हवेत येतात का, हे तपासण्याची ही जागा. आजच्या भाषेत प्रक्षेत्र चाचणी म्हणा. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने ही बाग सांभाळली. तोच नंतर मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. दुसरे काम बोरघाटाचे. १० नोव्हेंबर १८३० रोजी माल्कमने घाटातला गाडीरस्ता खुला केला. त्याआधी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरत असे. बैलगाडी सरळ कोकणात उतरू लागली की काय फरक पडतो, हे बेदाणा आणि द्राक्षे लांबच्या बाजारात पाठवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

महाबळेश्वर मात्र त्याने शोधले नाही. क्षेत्र महाबळेश्वर हे कृष्णा उगमाचे जुने देवस्थान. इंग्रजांपैकी लॉडविक हा अधिकारी १८२४ मध्ये डोंगरावर आला. नंतर साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने प्रतापसिंह महाराजांना सांगून साताऱ्याहून वर रस्ता करवून घेतला. माल्कम १८२८ मध्ये आला, आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम काढले, आणि १८२९ मध्ये महाराजांशी करार करून डोंगरावरची जमीन कंपनीकडे घेतली. बदल्यात वाई भागातले खंडाळा गाव महाराजांना दिले. हे खंडाळे म्हणजे खंबाटकी घाटाजवळचे. बोरघाटातल्या खंडाळ्याशी याची गल्लत बऱ्याच जणांकडून होते.

जमीन महाराजांची, रस्ता महाराजांच्या खर्चाचा, पेठेला नाव माल्कमचे. ज्यांनी जमीन दिली त्या प्रतापसिंह महाराजांना दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनीने गादीवरून दूर केले. १८४७ मध्ये काशीला त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागून आलेल्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. पेठेला पाणी देणारा तलाव सातारकरांचाच.

बंदिवान माळी

माल्कम डिसेंबर १८३० मध्ये इंग्लंडला परतला. डोंगरावरच्या भाजीपाल्याची खरी मेहनत त्याच्यानंतर आणि दुसऱ्यांच्या हातून झाली. १८३० च्या दशकात माल्कमपेठेत एक तुरुंग उभा राहिला. सिंगापूर, पिनांगकडचे चिनी आणि मलायी कैदी तिथे ठेवले जात. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली आणि बागाही पिकवून घेतल्या. बटाटा आणि युरोपीय भाज्या हे त्या बागांचे उत्पन्न. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. चायनामन फॉल हा धबधबा तुम्ही पाहिला असेल. जवळच्या चिनी बागांवरून ते नाव पडले. त्या माणसांपैकी एकाचेही नाव कुठल्या पाटीवर नाही. जात किंवा देश एवढाच उल्लेख राहिला.

त्या आधी डोंगरावर कुळवाडी आणि धनगर नाचणी, वरी घेत. साधारण साडेतेराशे मीटर उंची, पाऊस तासगावच्या वर्षभराच्या पावसाच्या सुमारे दहापट, जांभ्याची तांबडी आम्लधर्मी माती. अशा ठिकाणी बटाटा का जमला, हे समजून घेण्यासारखे आहे. कंद धरायला रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली असावे लागते. गरम रात्रीत झाड नुसते पाल्यावर जाते. बटाटा थोडी आम्ल माती सहन करतो, पाणी साचलेले मात्र अजिबात नाही, म्हणून उताराची निचऱ्याची जमीन त्याला मानवते. तिसरे कारण कैद्यांना किंवा गव्हर्नरांना ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. बटाट्याचे बेणे कंदाचेच असल्याने विषाणू पिढी दर पिढी पुढे जातात आणि त्यांचा प्रसार मावा करतो. थंड, वाऱ्याच्या डोंगरावर मावा कमी, म्हणून बेणे जास्त दिवस निरोगी राहते. उटी, सिमला या इंग्रजांच्या थंड हवेच्या ठिकाणांशी बटाट्याचे नाते जुळले ते काही केवळ साहेबांच्या जेवणामुळे नाही.

सगळेच प्रयोग साधले असे नाही. लिंगमळ्याला १८६० च्या दशकात कोयनेलसाठी सिंकोना लावला होता. तो तगला नाही. स्ट्रॉबेरी तगली, आणि २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. गहू पिकवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू तांबेरा संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे. तांबेऱ्याला हवी तशी थंड, दमट हवा तिथे आयतीच मिळते.

नावे किती टिकली

परतल्यावर माल्कम थोडा काळ पार्लमेंटमध्ये बसला, आणि ३० मे १८३३ रोजी लंडनमध्ये वारला. त्याच्या जन्मगावाजवळच्या मेंढ्यांच्या टेकडीवर १८३५ मध्ये त्याच्या नावाचा उंच दगडी स्तंभ उभारला गेला. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, त्याचा संगमरवरी पुतळा आहे. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटचे नाव त्याच्या मुलीवरून पडल्याचे सांगतात. स्थानिक लोक त्या जागेला नाके खिंड म्हणत. माल्कमपेठ हे नाव मात्र बोलण्यातून केव्हाच गेले. एसटीच्या पाटीवर महाबळेश्वरच लिहिलेले असते.

सातारा जिल्ह्याचा बटाटा आज डोंगर उतरून खटाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला खरिपात दिसतो. जून-जुलैत लागवड, पावसावर वाढ, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी. बेणे महाबळेश्वरचे नसते, ट्रक पंजाबातून येतात. १९६० च्या दशकात सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने शोधून काढले की, पंजाबच्या मैदानात थंडीच्या सुरुवातीला मावा कमी असतानाचे आठवडे गाठले आणि मावा वाढण्याआधी पाला कापून टाकला, तर तिथेही निरोगी बेणे तयार होते. डोंगराची मक्तेदारी तिथे संपली. त्या पोत्यांवर कुफरी ज्योती, कुफरी पुखराज अशी नावे असतात. कुफरी हे सिमल्याजवळचे एक गाव आहे, कुणाचे आडनाव नाही. तिथल्या केंद्रावर बटाट्याचे संकर होतात, म्हणून ते गाव प्रत्येक पोत्यावर छापले जाते.