मार्गारेट ऑलिफंट : लेखणीवर चालविलेला संसार

व्हिक्टोरिया राणीच्या काळात सुमारे शंभर कादंबऱ्या लिहिणाऱ्या मार्गारेट ऑलिफंट यांचा जन्म ४ एप्रिल १८२८ रोजी स्कॉटलंडमधील वॉलिफर्ड येथे झाला. त्यांची पहिली कादंबरी १८४९ मध्ये प्रकाशित झाली. १८५२ मध्ये नात्यातीलच फ्रँक ऑलिफंट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फ्रँक हे रंगीत काचचित्रांचे कलावंत होते. १८५९ मध्ये रोम येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. मागे उरली दोन मुले, जन्माला यावयाचे तिसरे अपत्य आणि सुमारे एक हजार पौंडांचे कर्ज.

येथून पुढे लेखन हाच चरितार्थ झाला. 'ब्लॅकवूड्स मॅगझिन'साठी त्यांनी कथा, परीक्षणे, चरित्रे असे सर्व काही लिहिले, तेही बहुधा घर झोपी गेल्यावर. कार्लिंगफर्ड या काल्पनिक गावावरील कादंबरीमालिकेने त्यांना कीर्ती दिली. त्यातील 'मिस मार्जोरिबँक्स' (१८६६) आजही ताजी वाटते. पुढे भावाच्या कुटुंबाचाही भार त्यांच्यावर आला. ईटनसारख्या महागड्या शाळेत मुले शिकविण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही. कमी लिहिले असते तर अधिक चांगले लिहिले असते का, हा प्रश्न त्यांनाही छळत असे. पण बिले थांबत नव्हती.

मुलगी मॅगी १८६४ मध्ये, थोरला सिरिल १८९० मध्ये, तर धाकटा चेको १८९४ मध्ये वारला. ज्यांच्यासाठी लिहिले, ते कोणीच उरले नाही. तरीही लेखणी थांबली नाही. २५ जून १८९७ रोजी विम्बल्डन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण आत्मचरित्र १८९९ मध्ये प्रकाशित झाले.