रमाबाईंना उशिरा मिळालेलं दान
आजचे वाचन : इफिसकरांस पत्र २:८-१०



आजचा शास्त्रभाग आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं. ते देवाचं दान आहे, आपल्या कर्मांची मजुरी नाही. पाठ असलेली गोष्ट पोटात उतरायला मात्र किती वर्षं लागतात! आज पंडिता रमाबाईंचं जीवन या वचनाच्या उजेडात पाहू या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही असा तो काळ, पण त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी रमाला. लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक रमेच्या मुखात होते. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी फिरायचं, देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर राहायचं.

मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपलं, उपास झाले, जप झाले. आमच्या देऊळगाव राजात दसऱ्याच्या सुमारास बालाजीच्या यात्रेला गाव फुलून जातं. त्याच बालाजीच्या तिरुपतीजवळ हे उपाशी कुटुंब पोचलं होतं. तिथून ते रानात शिरले आणि कित्येक दिवस पाला नि पाणी यांवर राहिले. थोड्याच काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले दोघं, रमा आणि भाऊ श्रीनिवास. त्या माणसांची भक्ती खोटी नव्हती. देवासाठी एवढं सोसणारी माणसं आपल्या मंडळीत किती सापडतील, हे आधी स्वतःला विचारावं.

भावंडं हजारो मैल चालली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पतीही गेले. सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची छोटी बंगाली प्रत मिळाली होती. बी तिथे पडलं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथलं एक घर दाखवलं. समाजाने टाकलेल्या बायकांची तिथे मायेने सेवा चालायची. या बायकांवर इतकी माया का, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहान ४ मधली शोमरोनी स्त्री वाचून दाखवली. रमाबाईंचं मन हललं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आता गोष्ट इथे संपावी असं आपल्याला वाटतं. ती संपत नाही.

बाप्तिस्मा झाला, अमेरिका झाली, पुस्तकं झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सगळं चांगलं काम. पण आत शांती नव्हती. आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलं आहे : पापाचा पस्तावा करायचा, ते सोडायचा निश्चय करायचा आणि बाप्तिस्मा घ्यायचा, की नवा जन्म झाला, असं त्या समजत होत्या. तरी मनावरचं ओझं तसंच.

सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा मनुष्य स्वतःच्याच व्याख्यानपीठावर उपदेश करता करता पालटला होता. म्हणजे पाळक होता, पण तोवर तारण पावलेला नव्हता! रमाबाई विचारात पडल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना उमगलं. मग त्या शास्त्र पुन्हा वाचू लागल्या आणि त्यांना कळलं की आधी लायक होऊन मग यायचं नाही. जशी आहे तशी यायचं. वधस्तंभावर जे झालं ते पुरेसं आहे. ज्या बाईने जन्मभर काही ना काही करून देव मिळवायचा प्रयत्न केला, तिने आता फक्त हात पुढे केले.

यावर कोणी म्हणेल, मग कर्मांचं काय? दहावं वचन वाचा. रमाबाईंच्या बाबतीत खरं काम त्यानंतरच फुललं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. स्वतः उपाशी रानात भटकलेली मुलगी आता उपाशी मुलींना जवळ घेत होती. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं. साध्या बायकांना समजावं म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. हे सारं त्यांनी तारण कमावण्यासाठी केलं नाही. ते आधीच मिळालं होतं, म्हणून केलं.

प्रियजनहो, हा धडा शेजारच्यांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. आपल्यातले किती जण जन्माने ख्रिस्ती, दर रविवारी उपासनेला हजर, दशमांश चुकत नाही, लेंटचे उपास चुकत नाहीत! तरी रात्री उशीवर डोकं टेकलं की मन विचारतं, देवाने मला खरंच पदरात घेतलंय का? कारण हिशोब आपण आपल्या खात्यावर मांडतो. रमाबाईंनी तो हिशोब बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मिटवला. तुम्ही आज मिटवू शकता.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आम्ही रिकाम्या हातांनी तुझ्याकडे येतो. तुझं दान घ्यायला आम्हाला शिकव, आणि घेतल्यावर उपाशी माणसाकडे जायला पाय दे. आमेन.