मेकॅनिकल इंजिनिअर होमी भाभा

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुशास्त्रज्ञ आठवतो. पण त्यांची केंब्रिजची पहिली डिग्री मेकॅनिकलची होती, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हणजे माणूस आपल्यातलाच! अणुऊर्जेत प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं करिअर करायचं तर सुरुवात कुठून करायची, असं ज्युनिअर्स विचारतात. त्यांना मी आधी भाभांचं चरित्र वाचायला सांगतो.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत जन्म. वडील बॅरिस्टर, टाटा घराण्याशी नातं. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं, अशी घरच्यांची इच्छा. मुलाला ओढ मात्र फिजिक्सची. शेवटी तोडगा निघाला : आधी मेकॅनिकलला फर्स्ट क्लास आण, मग हवं ते शिक. १९३० मध्ये भाभांनी तो आणला आणि मग फिजिक्सकडे वळले. कॉस्मिक किरणांवरच्या कामाने त्यांचं नाव झालं.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि युद्ध सुरू झालं. परत जाता येईना, म्हणून बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी धरली. युद्ध संपल्यावर परदेशात मोठी पदं मिळाली असती. पण ते इथेच राहिले. १९४४ मध्येच त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेची योजना मांडली होती. हिरोशिमाच्या आधी दीड वर्ष! त्यांचं म्हणणं होतं की पुढे अणुवीज येईल, तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणायला लागू नयेत. १९४५ मध्ये टीआयएफआर उभी राहिली, ती पेडर रोडवरच्या एका बंगल्यात.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा अध्यक्ष झाले. आता कागदावरचं फिजिक्स संपलं. सिमेंट, पाइप आणि वेळापत्रक सुरू झालं. पहिली अणुभट्टी साधी निवडली, पाण्याच्या टाकीतली, एक मेगावॅटची. इंधन ब्रिटनकडून घेतलं, पण कंट्रोल सिस्टिम आपल्याच लोकांनी बनवली. १९५५ मध्ये ठरलं आणि ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत 'अप्सरा' सुरू झाली. आपला सबमिशनचा अनुभव आठवा, म्हणजे हा वेग कळेल.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. १९५७ मध्ये भाभांनी ट्रेनिंग स्कूल काढलं. पदवीधर मुलं घ्यायची, वर्षभर घासून शिकवायचं आणि मग कामावर लावायचं. मोठे प्रकल्प हातात येण्याआधीच माणसं तयार ठेवायची, हा हिशोब. तारापूरच्या दोन भट्ट्या अमेरिकन कंपनीने तयार करून दिल्या. राजस्थानातलं काम कॅनडाच्या मदतीने चालू होतं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला, तेव्हा राजस्थानची दुसरी भट्टी आपल्या इंजिनिअरांनीच पुरी केली. कल्पाक्कमची तर पहिल्यापासून त्यांनीच उभारली.

हे पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाला जाताना माँ ब्लाँ पर्वतावर त्यांचं विमान कोसळलं. वय फक्त ५६. तारापूरची वीज आली ती १९६९ मध्ये.

त्यांचे सगळेच अंदाज बरोबर आले असं नाही. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत त्यांनी वीस वर्षांत फ्युजन ऊर्जा काबूत येईल असं भाकीत केलं होतं. ते अजून खरं व्हायचंय. पण माणसांवर लावलेला पैसा वाया गेला नाही.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं म्हणून नुसतं सॉफ्टवेअरवर बार चार्ट काढायला शिकून भागणार नाही. आधी आपली ब्रँच पक्की करा. भाभांनी आवड नसताना मेकॅनिकलला फर्स्ट क्लास आणला, आणि ट्रॉम्बे उभारताना तेच इंजिनिअरिंग कामी आलं, असं मला वाटतं. आणि ते ट्रेनिंग स्कूल आजही चालू आहे. इंजिनिअरिंग झालेल्या मुलांना तिथे प्रवेश मिळतो. फायनल इयरवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.