लिओ फेंडर : स्वतः गिटार न वाजवणारा गिटारकार



इलेक्ट्रिक गिटारचं किट आता विकत मिळतं. खोक्यात लाकडी बॉडी, दांडी, खुंट्या, तारा, पिकअप आणि थोड्या वायरी असतात. पॉलिशपेपर, स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरिंगचं साहित्य हाताशी असलं, की नवशिक्या मुलालाही मोठ्यांच्या मदतीने ही गिटार जोडता येते. एके काळी गिटार बनवणं हे मुरलेल्या कारागिराचंच काम होतं. ते इतकं सोपं झालं, त्यात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव लिओ फेंडर.

लिओ यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. लहानपणीच आजारामुळे त्यांचा एक डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवावा लागला. किशोरवयात एका नातेवाइकाने त्यांना रेडिओच्या टाकाऊ भागांचं खोकं पाठवलं. दुसऱ्या कुणी ते भंगारात टाकलं असतं. हा मुलगा मात्र त्यात रमला. शाळेत असतानाच तो घरी रेडिओ दुरुस्त करू लागला.

पुढे कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतलं ते हिशेबनिसाचं. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतलं नाही. नोकऱ्याही हिशेबाच्याच केल्या. पण तो महामंदीचा काळ होता. नोकऱ्या गेल्या. शेवटी १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. लहानपणीचा नाद असा पोटापाण्याला उपयोगी पडला.

दुकानात वादक मंडळी आपले ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणत. त्या वेळच्या बहुतेक गिटारी आतून पोकळ असत. आवाज वाढवला, की स्पीकरच्या आवाजाने पोकळ पेटीच थरथरू लागे आणि कर्कश शिट्टी ऐकू येई. पेटी पोकळ ठेवलीच नाही तर? भरीव लाकडाच्या गिटारचे प्रयोग इतरांनीही केले होते. फेंडर यांनी ती कारखान्यात भरपूर संख्येने बनवता येईल अशी घडवली.

यात त्यांच्यातला दुरुस्तीवाला कामी आला. पारंपरिक गिटारची दांडी सरसाने पक्की चिकटवलेली असे. ती वाकली, की कारागीर गाठावा लागे. फेंडर यांनी दांडी बॉडीला चार स्क्रूंनी जोडली. बिघडली? स्क्रू काढा, दुसरी लावा! वायरींपर्यंतही सहज हात पोहोचेल अशी रचना केली. वस्तू कधी ना कधी बिघडणार, हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. आजच्या अनेक किटमध्ये हीच स्क्रूंची जोडणी असते, म्हणून तर नवशिक्याला ते जमतं.

१९५० साली ही गिटार बाजारात आली. काहींनी तिला होडीचं वल्हं म्हणून हिणवलं. दोन पिकअपच्या मॉडेलचं आधीचं नाव ब्रॉडकास्टर होतं. तसंच नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रमला असल्याने ते बदलावं लागलं आणि १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव रूढ झालं. ती गिटार आजही बनते.

गंमत म्हणजे लिओ यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! म्हणून ते वाजवणाऱ्यांना विचारत. बॉडीची कड बरगडीला टोचते, अशी वादकांची तक्रार होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला त्यांनी अंगाला बसेल असा गोलसर उतार दिला.

प्रकृती साथ देईना म्हणून १९६५ मध्ये त्यांनी कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पण घरी स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बरे झाल्यावर ते पुन्हा गिटारींच्या कामाला लागले. पार्किन्सनचा आजार जडला तरी त्यांनी काम सोडलं नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचं निधन झालं.

शिक्षकांसाठी एक सूचना. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. दहावीला आपण फॅरडे यांचं विद्युत चुंबकीय प्रवर्तन शिकवतो, ते हेच. तो धडा घेताना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि पालकहो, घरात एखादं खटपटं पोरगं असेल, सारखं काहीतरी उघडून बसत असेल, तर लगेच रागावू नका. विजेला न जोडलेली जुनी वस्तू आणि एक स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हाती द्या, आणि शेजारी बसा. उघडलेलं पुन्हा जोडायचं, एवढी एकच अट घाला.