छायाचित्र आणि छापखाना : धुंडिराज गोविंद फाळके

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आमच्या शाळेंत एक लहानसा प्रसंग घडला. वरच्या वर्गांतील मुलांनीं कॅमेऱ्यांतील छायाचित्रें तारेवांचून, ब्लूटूथच्या योगानें, छपाईयंत्राकडे धाडण्याचा खटाटोप चालविला होता. दोन्ही यंत्रांच्या पडद्यांवर सहा आंकडे उमटले; ते सारखेच आहेत अशी खात्री करून मुलांनीं होकार दिला, तेव्हां कोठें यंत्रांची ओळख पटली व दोघांत एक गुप्त किल्ली ठरली. पुढें चित्र जातें तें त्या किल्लीनें कुलूपबंद होऊनच. वाटेंत कोणी तें हेरलें तरी त्यास अर्थबोध होत नाहीं. आंकडे न पाहतांच होकार देणाराची मात्र भलत्याच यंत्राशीं गांठ पडावयाची! हें कौतुक पाहत असतां, छायाचित्र व छपाई यांची गांठ घालण्यांत ज्यांनीं वीस वर्षें वेंचलीं अशा एका पुरुषाची आम्हांस आठवण झाली. दादासाहेब फाळके यांस चित्रपटाचे जनक म्हणून सारे ओळखतात. त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध मात्र थोड्यांसच ठाऊक असतो.

३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं एका शास्त्र्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. घराण्याची विद्या संस्कृताची. मुलाचें चित्त मात्र रंगरेषांत. १८८५ मध्यें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिरले व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत गेले. तेथील प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनीं या होतकरू तरुणास छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा वापरण्याची मोकळीक दिली. गुरूनें किल्ली हातीं द्यावी ती अशी!

तेथें जी विद्या त्यांनीं हस्तगत केली ती आमच्या बालवाचकांनीं नीट समजून घ्यावी. छायाचित्रांत काळ्यापांढऱ्याच्या शेंकडों छटा असतात. छापखान्यास मात्र दोनच गोष्टी कळतात, शाई लागली किंवा न लागली. मग चेहऱ्यावरील सांवली छापावी कशी? यावर तोड अशी कीं, बारीक रेघांची कांच मध्यें धरून चित्राचे असंख्य ठिपके करावयाचे. जेथें काळोख तेथें ठिपके मोठे, जेथें उजेड तेथें लहान. हे ठिपके धातूच्या पत्र्यावर उतरवून अम्लानें कोरले कीं ठसा तयार होतो. रंगीत चित्रास असे निरनिराळे ठसे पिवळ्या, तांबड्या व निळ्या शाईंत एकावर एक छापावे लागतात. एखादा केसभर सरकला तरी चित्राचा विचका होतो. आमच्या शाळेंतील यंत्रही ठिपक्यांनींच चित्र छापतें. हें आम्हीं भिंगाखालीं मुलांस दाखविलें, तेव्हां त्यांस मोठें नवल वाटलें.

विद्या मिळाली, पण पोट भरेना. फाळके यांनीं गोध्रा येथें छायाचित्रांचा धंदा थाटला; तोंच प्लेगनें त्यांची पत्नी व मूल हिरावून नेलें. बडोद्यास परतून पुन्हां दुकान घातलें, तर कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो व आयुष्य घटतें अशा समजुतीनें गिऱ्हाइकें फिरकेनात. याला हंसण्याचें कारण नाहीं. आमच्या लहानपणीं बीडकडील खेड्यांत तान्ह्या मुलाचें छायाचित्र काढूं न देणाऱ्या आजीबाई आम्हीं स्वतः पाहिल्या आहेत. अपरिचित यंत्राविषयीं मनुष्य साशंक असावयाचाच.

पुढें पुराणवस्तुसंशोधन खात्यांत त्यांनीं छायाचित्रकार व नकाशनवीस म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. जवळच असलेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्याचें काम त्यांजकडे येऊं लागलें. नंतर छापखाना मुंबईस दादर येथें हलला, नवे भागीदार मिळाले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असें नांव पडलें, आणि १९०९ मध्यें फाळके यंत्रसामग्रीसाठीं जर्मनीस जाऊन आले. आतां सुखाचे दिवस आले असें कोणासही वाटावें. परंतु भागीदारांशीं त्यांचें पटेना. आणि ज्या छापखान्यास त्यांनीं आपल्या विद्येनें नांवारूपास आणलें त्यांतून ते रिकाम्या हातानें बाहेर पडले. दोष कोणाचा हें ठरविण्यास आम्ही बसलों नाहीं. फाळकेही कांहीं मऊ स्वभावाचे नव्हते. पुढें चित्रपटांच्या भागीदारींतही त्यांचे असेच खटके उडाले.

चाळिशी उलटलेला गृहस्थ, पदरीं मुलेंबाळें आणि हातीं कांहीं नाहीं, अशा वेळीं त्यांनीं मुंबईंत प्रभु येशूच्या चरित्राचा एक मूक चित्रपट पाहिला. तेव्हांपासून चित्रें छापण्याऐवजीं तीं चालतीं करण्याचा ध्यास त्यांस लागला. रात्रंदिवस चित्रपट पाहून पाहून डोळे अधू झाले. ते बरे होतांच विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्यें ते विलायतेस गेले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. कोऱ्या फितीस कडेचीं भोंकें नसत. तीं त्यांची दुसरी पत्नी सरस्वतीबाई रात्रीं अंधारांत पाडीत. स्वयंपाक आटोपून ही माउली रसायनें कालवी, चित्रफिती धुवी. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आला.

त्यानंतरचा वैभवाचा व उतरतीचा काळ सर्वश्रुत आहे. 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट १९३७ मधील. पुढें ते नाशकास राहिले व १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं तेथेंच वारले.